पाऱ्याची उंची

२२ सप्टेंबर १८८५ रोजी ओडिशाच्या किनाऱ्यावर, महानदीच्या मुखाजवळ फॉल्स पॉइंट इथे एक चक्रीवादळ येऊन आदळले. वादळाचा मध्य माथ्यावरून जात असताना तिथल्या बॅरोमीटरमधला पारा सत्तावीस इंचांच्या जेमतेम वर उरला होता. चक्रीवादळांच्या आजच्या याद्यांमध्ये या वादळाचा मध्यदाब ९१९ हेक्टोपास्कल असा छापलेला असतो. नोंद केली त्या माणसाने हेक्टोपास्कल हा शब्द ऐकलेला असणे शक्य नव्हते. तो जन्माला यायला अजून शंभर वर्षे होती. त्याने इंच पाहिले आणि इंच लिहिले. इंचांचे हेक्टोपास्कल नंतर कोणीतरी केले.

करणे अवघड नाही. एक इंच पारा म्हणजे ३३.८६४ हेक्टोपास्कल. शाळकरी मुलगाही गुणाकार करून उत्तर देईल. दाबाची एकके एकमेकांत बदलण्याचे कोष्टक पदार्थविज्ञानाच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकाच्या शेवटी असते आणि विद्यार्थी ते परीक्षेपुरते पाठ करून विसरतात. मला मात्र या कोष्टकात गणितापेक्षा इतिहास जास्त दिसतो. फॉल्स पॉइंटचा आकडा घेऊन विचारायला लागलो, की हा इंच कोणाचा, त्या दिवशी पारा किती गरम होता, ते ठिकाण कोणत्या अक्षांशावर आहे, तर गुणाकार बाजूला राहतो आणि अडीचशे वर्षे मागे जावे लागते.

मागे म्हणजे फ्लॉरेन्सला. विहिरीतले पाणी शोषून वर काढणारा पंप सुमारे अठरा हातांवर पाणी चढवू शकत नाही, ही गोष्ट कारागिरांना ठाऊक होती आणि गॅलिलिओने १६३८ सालच्या आपल्या ग्रंथात तिची दखल घेतली होती. इथला हात म्हणजे ब्राच्यो, फ्लॉरेन्सच्या कापड बाजारातला हात. आपल्या मोजणीने अठावन्न सेंटिमीटरच्या आसपास. गॅलिलिओच्या शेवटच्या दिवसांत त्याच्याजवळ राहिलेल्या इव्हांजेलिस्ता तोरिचेल्लीने पाण्याऐवजी पारा घेतला. पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड, म्हणून दहा मीटरचे काम काचेच्या एका नळीत उरकले. नळी पाऱ्याने भरून, तोंड बोटाने दाबून, पाऱ्याच्याच भांड्यात उलटी उभी केली, की पारा थोडा खाली उतरतो आणि थांबतो. ११ जून १६४४ रोजी रोममधल्या रिच्ची या मित्राला लिहिलेल्या पत्रात तोरिचेल्ली सांगतो, की पारा सव्वा ब्राच्यो आणि वर एक बोट इतक्या उंचीवर थांबला. दाबाचे जगातले पहिले मोजमाप हे असे आहे : सव्वा हात आणि एक बोट.

या मापातली खरी नवलाई बोटाची नाही. तोपर्यंत वजन तराजूत मोजत आणि लांबी गजाने. तोरिचेल्लीने हवेचे ओझे गजाने मोजले. आपण सारे हवेच्या समुद्राच्या तळाशी राहतो, त्या समुद्राचे ओझे पाऱ्याला वर ढकलून धरते, म्हणून पाऱ्याची उंची हेच ओझ्याचे माप, असा त्याचा विचार होता. दाब लांबीत सांगण्याची ही सवय त्या क्षणी लागली आणि ती आजतागायत सुटलेली नाही. पुढचे सगळे घोटाळे याच सवयीतून आले. गज तर गावागणिक वेगळा होताच, शिवाय पाऱ्याची उंची केवळ हवेच्या दाबावर ठरत नाही. ती पाऱ्याच्या तापमानावरही ठरते आणि त्या जागी पृथ्वी पाऱ्याला किती जोराने ओढते यावरही.

गजाचा घोटाळा आधी पाहू, कारण तो सोपा आहे. ब्लेझ पास्कालने आपल्या मेहुण्याला, फ्लोरँ पेरिएला, प्यूइ द डोम या डोंगरावर नळी घेऊन चढायला सांगितले. १९ सप्टेंबर १६४८ रोजी पेरिए चढला. खाली क्लेरमाँ गावातल्या मठाच्या बागेत पारा २६ इंच ३॥ रेषा होता, डोंगरमाथ्यावर २३ इंच २ रेषा. फरक ३ इंच १॥ रेषा. बागेत ठेवलेल्या दुसऱ्या नळीजवळ एक जण दिवसभर बसून होता आणि तिथला पारा हलला नाही. प्रयोग असा करावा. हवेला वजन आहे आणि वर गेल्यावर ते कमी होते, याबद्दल त्यानंतर फारशी शंका उरली नाही.

पण हे इंच पॅरिसचे. पॅरिसचा इंच २७.०७ मिलिमीटरचा, त्याचे बारा भाग म्हणजे रेषा. लंडनचा इंच २५.४ मिलिमीटरचा. पॅरिसच्या मापाने क्लेरमाँचा पारा ७१२ मिलिमीटर भरतो. तोच आकडा इंग्रजी इंच समजून वाचला तर ६६८ मिलिमीटर. चव्वेचाळीस मिलिमीटर पारा म्हणजे हवेत साधारण पाचशे मीटर चढ. नुसता चुकीचा इंच धरल्याने अख्खे गाव तेवढे वर उचलले जाते.

फ्रेंच लोकांना समुद्रकाठी पारा साधारण अठ्ठावीस इंच दिसे. अठ्ठावीस फ्रेंच इंच म्हणजे ७५८ मिलिमीटर. क्रांतीनंतर मीटर आला आणि त्याची गोळाबेरीज ७६० झाली. इंग्रज आपल्या मापात तीस इंच म्हणत; ते ७६२ होतात. दोन्ही आकडे म्हणजे आपापल्या भाषेतले ‘साधारण’ होते, निसर्गाने कुठे कोरून ठेवलेले नव्हते. पुढे विज्ञानाने ७६० स्वीकारला आणि इंग्रजी मापाच्या लोकांना तो इंचांत लिहावा लागला : २९.९२. आज अमेरिकेतला वैमानिक हा आकडा पाठ म्हणतो. तो दिसतो इंग्रजी इंचांत, पण मूळ फ्रेंच मिलिमीटरचे. भाषांतरित माणसाच्या बोलीत मूळ गावाचा हेल राहावा तसे ते दोन दशांश आहेत. विमानाचा उंचीमापक हा मुळात बॅरोमीटरच असतो. अमेरिकेत त्याला इंचांत दाब सांगतात, भारतात हेक्टोपास्कलमध्ये. एखाद्या विमानतळाने ‘९९२’ सांगितले आणि सवयीने कोणी ‘२९.९२’ लावले, तर विमान दिसते त्यापेक्षा सुमारे पावणेसहाशे फूट खाली असते. वैमानिकांच्या प्रशिक्षणात ही चूक वेगळी शिकवावी लागते.

आता दुसरा घोटाळा, जो आपल्या दारातला आहे.

मुंबईत कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली स्थापन केली आणि १८४०च्या दशकात तिथे चुंबकीय आणि हवामानाच्या नियमित नोंदी सुरू झाल्या. केरूनाना छत्रे, ज्यांना आपण टिळकांचे गुरू म्हणून ओळखतो, ते तरुणपणी याच वेधशाळेत नोकरीला होते. बाळशास्त्री जांभेकरही काही काळ तिच्याशी संबंधित होते. मराठी लेखनाच्या इतिहासात या दोघांची वृत्तपत्रे आणि पाठ्यपुस्तके येतात, वेधशाळा सहसा एका ओळीत उरकते. मला ते अन्यायाचे वाटते. ठरल्या वेळी उठून, दिव्याच्या उजेडात पाऱ्याच्या फुगीर माथ्याशी डोळा नेमका आणून इंचाचा हजारावा भाग वाचणे, आणि तोही वर्षानुवर्षे, ही एक शिस्त होती. आपल्याकडच्या आधुनिक निरीक्षणाची सुरुवात शोधायची तर ती इथेही शोधावी लागेल.

त्या शिस्तीतूनच कळते, की उष्ण कटिबंधात हवेचा दाब रोज दोनदा भरती-ओहोटीसारखा वरखाली होतो. सकाळी दहाच्या सुमारास चढ, दुपारी चारला उतार, रात्री दहाला पुन्हा चढ, पहाटे चारला उतार. फरक दोनतीन मिलिमीटरांचा, पण घड्याळ लावावे इतका नेमका. युरोपात वादळांची ये-जा इतकी असते, की हा ठोका त्या गोंगाटात बुडून जातो. इंग्रजी घरातल्या बॅरोमीटरच्या तबकडीवर २९ इंचांशी पाऊस, साडेएकोणतीसशी बदल आणि तीसशी स्वच्छ असे लिहिलेले असे. मुंबईच्या पावसाळ्यात दाब १००० ते १००५ मिलिबारच्या आसपास असतो, म्हणजे साडेएकोणतीस इंच किंवा थोडे वर. बाहेर मुसळधार कोसळत असताना साहेबाच्या दिवाणखान्यातली सुई ‘बदल’ दाखवत बसे. तबकडीवरचे शब्द लंडनच्या हवेतून आले होते, त्यांचे इथे रूपांतर होत नव्हते.

शब्दांचे सोडा. आकड्याचेही सरळ होत नव्हते. ‘७६० मिलिमीटर’ म्हणजे प्रमाण वातावरण, यात दोन अटी लपलेल्या आहेत : पारा शून्य अंश सेल्सिअसला, म्हणजे वितळत्या बर्फाइतका थंड हवा, आणि गुरुत्वाकर्षण ४५ अंश अक्षांशावरच्या समुद्रसपाटीचे हवे. या दुसऱ्या अटीसाठी ९.८०६६५ हा आकडा १९०१ साली आंतरराष्ट्रीय परिषदेने मुक्रर केला. ४५ अंश अक्षांश फ्रान्समधून जातो. मुंबई एकोणिसाव्या अंशाच्या जवळ आहे आणि वितळता बर्फ तिथे फक्त गोळेवाल्याकडे मिळतो.

मी हिशेब करून पाहिला. तीस अंश तापमानाला पारा प्रसरण पावून हलका होतो. पितळेची पट्टीही थोडी लांबते, ते वजा केले तरी पाऱ्याचा स्तंभ ३.७ मिलिमीटर जास्त उंच दिसतो. मुंबईला गुरुत्व पाव टक्क्याहून जरा कमी इतके हलके आहे, त्याने आणखी १.६ मिलिमीटर. दोन्ही चुका एकाच दिशेने. हवेचा दाब बरोबर प्रमाण असेल तेव्हा मुंबईचा पारा ७६० नव्हे, ७६५च्या वर उभा असतो. हा फरक सात मिलिबारचा. आता हे लक्षात घ्या, की बंगालच्या उपसागरातला साधा कमी दाबाचा प्रदेश, ज्याच्या बातमीने आपले शेतकरी पेरणीचा विचार करतात, तो भोवतालच्या हवेपेक्षा दोनचार मिलिबारच खाली असतो. म्हणजे पाऱ्याची उंची दुरुस्त न करता नुसता गुणाकार केला, तर दुरुस्ती केलेल्या शेजारच्या ठाण्याच्या नकाशावर इथे नसलेला जास्त दाब उगवतो, किंवा असलेला कमी दाब गडप होतो.

वेधशाळांना हे ठाऊक होते. बॅरोमीटरला चिकटून एक तापमापक असे, तो आधी वाचायचा आणि मग पारा. तापमानाच्या दुरुस्तीची कोष्टके छापील मिळत. गुरुत्वाची दुरुस्ती रुळायला मात्र वेळ लागला. एकोणिसाव्या शतकातल्या पुष्कळ नोंदी तापमानापुरत्या दुरुस्त आणि गुरुत्वापुरत्या तशाच आहेत. फॉल्स पॉइंटच्या अक्षांशावर, इतक्या खालच्या पाऱ्याला, एकट्या गुरुत्वाचा फरक दोन मिलिबार पडतो आणि तापमानाचा आणखी चार. जहाजांच्या आणि वेधशाळांच्या जुन्या वह्या उघडून एकोणिसाव्या शतकाचे हवामान संगणकावर पुन्हा उभे करण्याचे काम आज जगभर चालले आहे. वादळे पूर्वीपेक्षा तीव्र होत आहेत का, या प्रश्नाच्या उत्तरात त्या वह्यांचा वाटा आहे. तिथे काम करणाऱ्यांचा निम्मा वेळ पाऱ्याचा आकडा कोणत्या अवस्थेत लिहिला गेला हे ओळखण्यात जातो असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. इंचांचे मिलिबार यंत्र करते. वहीच्या समासात ‘३२ अंशाला आणलेले’ असे बारीक अक्षरात लिहिले आहे का, हे माणसाला पाहावे लागते. बत्तीस अंश म्हणजे अर्थात फॅरनहाइटचे.

या सगळ्या त्रासावर उपाय एकच होता : दाब लांबीत सांगणे सोडायचे. दाब म्हणजे ठरावीक क्षेत्रफळावर पडणारे बल, तर त्याचे माप बल आणि क्षेत्रफळ यांतच हवे. नॉर्वेचे व्हिल्हेल्म बिर्कनेस आणि ब्रिटनचे नेपियर शॉ यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बार आणि मिलिबार यांचा पुरस्कार केला, आणि १९१४ साली ब्रिटिश हवामान कार्यालयाने रोजच्या अहवालात मिलिबार वापरायला सुरुवात केली. बिर्कनेस यांचे कारण मला फार आवडते. त्यांना हवेच्या हालचालीची समीकरणे मांडायची होती आणि समीकरणात पाऱ्याला जागा नव्हती. हवा पाऱ्याशी बोलत नाही. तिला बल कळते.

भारतीय हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्याला आले. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर अजून सिमला ऑफिस म्हणतात, आणि रिक्षावाल्यालाही तोच पत्ता कळतो. पुढे मुख्यालय दिल्लीला गेले, नकाशे काढण्याचे बरेचसे काम पुण्यात राहिले. त्या नकाशांवरच्या समदाब रेषा मिलिबारच्या झाल्या. १९५४ साली प्रमाण वातावरणाची व्याख्याच पाऱ्याशिवाय केली गेली : १०,१३,२५० डाइन दर चौरस सेंटिमीटर. १९७१ मध्ये एककाला पास्कालचे नाव मिळाले. पण एक पास्काल म्हणजे टेबलावर पसरलेल्या एका कागदाचा दाब, इतका किरकोळ. म्हणून हवामानवाल्यांनी शंभर पास्कालांचा हेक्टोपास्कल पत्करला, कारण तो बरोबर एक मिलिबार होतो. नाव बदलले आणि नकाशावरचा एकही आकडा बदलावा लागला नाही. एककांच्या इतिहासात इतकी शहाणी तडजोड क्वचितच झाली असेल.

कारखान्यांचा रस्ता वेगळाच होता. १८४९ साली पॅरिसच्या यूजेन बूर्दों यांनी वाकवलेल्या चपट्या नळीचा दाबमापक काढला; आत दाब वाढला की नळी उलगडू पाहते आणि सुई फिरते. वाफेच्या बॉयलरला लांबलचक पाऱ्याची नळी जोडण्याची गरज संपली. सुई फिरते तेवढीच. तबकडीवर काय रंगवायचे ते रंगवणाऱ्याने ठरवायचे. इंग्रजांनी पौंड दर चौरस इंच रंगवले, युरोपीयांनी किलो दर चौरस सेंटिमीटर. आपल्याकडे दोन्ही आले. पंक्चरवाला तीस हवा भरतो ती पौंडांची. कुकरची शिटी एक किलोला होते, ती सेंटिमीटरची.

इथे आणखी एक लपलेली अट आहे, आणि स्वयंपाकघरात ती जाणवते. अशा मापकाचे शून्य म्हणजे दाब नाही असे नव्हे. बाहेरच्या हवेइतका दाब आहे असे. बसलेल्या टायरमध्येही चौदा-पंधरा पौंड हवा असतेच, मापक ती मोजत नाही. समुद्रकाठी कुकरमधला एक किलो बाहेरच्या एका वातावरणावर चढतो, म्हणून आतले पाणी १२० अंशांच्या जवळ उकळते. लेहला बाहेरची हवा दोन तृतीयांशाहूनही कमी. तोच कुकर, तीच शिटी, पण आत ११४ अंश. राजमा कच्चा राहतो आणि दोष डाळीच्या दुकानदाराला मिळतो. कोष्टकातला गुणक इथे कामाचा नाही, आधी बेरीज करावी लागते.

पाऱ्याने तग धरला तो डॉक्टरांच्या खोलीत. स्टीफन हेल्स या इंग्रज पाद्र्याने घोडीच्या धमनीत नळी घालून रक्त किती वर चढते ते पाहिले आणि १७३३ साली प्रसिद्ध केले : ८ फूट ३ इंच. रक्ताची घनता धरून मी त्याचे पाऱ्यात रूपांतर केले तर १९६ मिलिमीटर येतात. बांधून आडवी पाडलेल्या जनावराचे ते माप आहे, हे विसरू नये. १८२८ साली पॅरिसमध्ये प्वाझय याने आपल्या प्रबंधासाठी नळीत पारा घातला आणि आठ फुटांचे काम वीतभर जागेत आणले. १८९६ मध्ये तुरिनच्या रिव्हा-रोच्ची यांनी दंडाला फुगणारा पट्टा बांधला, १९०५ मध्ये रशियाच्या कोरोत्कोव्ह यांनी कोपराशी स्टेथोस्कोप ठेवून आवाज ऐकला, आणि डॉक्टरांच्या टेबलावरची ती लाकडी पेटी तयार झाली. रक्तदाबाला पाऱ्याची अचूकता लागत नव्हती. माणसाचा रक्तदाब जिना चढला तरी वीस मिलिमीटर बदलतो. लागत होती ती सोय. तापमानाची आणि गुरुत्वाची दुरुस्ती दवाखान्यात कोणी कधी केली नाही आणि करण्याची गरजही नव्हती.

पास्काल आल्यावर वैद्यकातही बदल सुचवला गेला. १२०/८० हे किलोपास्कलमध्ये १६.०/१०.७ होतात. १९७०च्या दशकात यावर वैद्यकीय नियतकालिकांत बरीच चर्चा झाली, पण डॉक्टर हलले नाहीत. फ्रान्समध्ये, जिथे मीटर आणि पास्काल दोघे जन्मले, डॉक्टर आजही ‘बारा-आठ’ म्हणतात. तो सेंटिमीटर पारा असतो. एरवी जुन्या एककांना चिकटून राहणाऱ्यांबद्दल मला फारशी आस्था नाही, पण इथे मी डॉक्टरांच्या बाजूचा आहे. ज्या आकड्यावर औषध सुरू होते आणि थांबते, तो बदलताना एका दशांश चिन्हाची चूक एखाद्याच्या जिवावर बेतू शकते.

मात्र या चिकाटीचा एक परिणाम फारसा बोलला जात नाही. उच्च रक्तदाबाची सीमा वर्षानुवर्षे १४०/९० धरली गेली, अमेरिकेतल्या हृदयतज्ज्ञांनी २०१७ साली ती १३०/८० केली. हे सगळे पूर्णांक शून्यावर संपतात. निसर्गात रक्तदाबाला अशी पायरी नाही. धोका हळूहळू वाढत जातो, आणि रेषा कुठेतरी ओढावी लागते म्हणून ती गोल आकड्यावर ओढली जाते. १४०/९० म्हणजे १८.७/१२.० किलोपास्कल. प्वाझयने किलोपास्कलमध्ये मोजले असते, तर तज्ज्ञांनी बहुधा १८/१२ किंवा १९/१२ ठरवले असते, म्हणजे १३५ किंवा १४२. त्या पाच-सात मिलिमीटरांच्या पट्ट्यात कोट्यवधी माणसे बसतात. त्यांतल्या कोणी गोळी सुरू करायची आणि कोणी नाही, यात तोरिचेल्लीच्या नळीचा हात आहे.

पारा विषारी, म्हणून २०१३च्या मिनामाता करारानुसार पाऱ्याचे बॅरोमीटर आणि रक्तदाबमापक बाजारातून बाहेर काढण्याचे ठरले. दवाखान्यांतल्या लाकडी पेट्या कमी होत चालल्या. दंडाला पट्टा बांधून घरोघर वापरतात त्या यंत्रात पाऱ्याचा थेंबही नसतो. आत सिलिकॉनचा एक इवलासा पडदा दाबाने वाकतो आणि त्याचा विद्युत संकेत होतो. मग त्या संकेताला अशा गुणकाने पडद्यावर आणतात, की एका मिलिमीटरमागे १३३.३२२ पास्काल बसावेत : शून्य अंश तापमानाच्या, पंचेचाळीस अंश अक्षांशावरच्या, यंत्रात नसलेल्या पाऱ्याचे मिलिमीटर.